शिदोरीवीर

पहाटे साडेचारला सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणी सायकलच्या दांडीवर चिकटपट्टीने चकचकीत पुड्या डकवताना दिसलं, तर वॉचमनला हाक मारू नका. तो शिदोरीवीर आहे. पेशाने दातांचा डॉक्टर, सीए, बिल्डर नाहीतर आयटीतला बडा साहेब. वय चाळिशी ओलांडून पन्नाशीकडे कललेलं. गाव पुणे, कोल्हापूर, नाशिक यांपैकी कुठलंही. येत्या हंगामात तो गोव्याला जाणार आहे. आणि गोव्याला जाऊन पिणार काय, तर मिठाचं पाणी.

तो निघालाय अर्ध्या आयर्नमॅन शर्यतीला. गोव्यात ती ऑक्टोबर 2019 मध्ये सुरू झाली. मिरामारच्या समुद्रात 1.9 किलोमीटर पोहायचं, बाहेर येऊन 90 किलोमीटर सायकल हाणायची आणि वर 21.1 किलोमीटर पळायचं. पूर्ण आयर्नमॅन म्हणजे याची दुप्पट. ऐकणारा इथे ‘बाप रे’ म्हणतो, पण शिदोरीवीराला त्याचं काही विशेष वाटत नाही. हे तिन्ही प्रकार त्याच्या लेखी किरकोळ. खरा खेळ चौथा, तो म्हणजे खाणं. तेवढं सांगायला तो टपलेलाच असतो. लिफ्टमध्ये गाठ पडली तरी तळमजल्यापर्यंत त्याचं लहान आतडं सांगून झालेलं असतं.

त्याचा हिशोब चुकीचा नाही, हीच पंचाईत आहे. अंगात साठवलेली साखर साधारण दोन हजार कॅलरींची. तेवढ्यावर पूर्ण आयर्नमॅन निभत नाही, म्हणून वाटेत खात राहावं लागतं. पण आतडं तासाला साठेक ग्रॅमपेक्षा जास्त ग्लुकोज आत घेत नाही. फळातल्या साखरेला मात्र दुसरं दार आहे, म्हणून दोन्ही मिसळून दिल्या तर नव्वद ग्रॅमपर्यंत मजल जाते. हे सांगताना तो दोन्ही हातांनी दोन दारं उघडून दाखवतो. साखरेच्या दाट जेलच्या एका पुडीत पंचवीसेक ग्रॅम; तेव्हा तासाला तीन पुड्या. आतड्याला ही सवय आधीपासून लावावी लागते, म्हणून रविवारी सकाळी हा सिंहगड रस्त्याने सायकल मारत वीस-वीस मिनिटांनी मनगटावरचं घड्याळ टुणटुणलं की दातांनी पुडी फाडतो. अर्धं जेल तोंडात, उरलेलं हँडलवर, ब्रेकवर आणि हातमोज्यांवर. रिकाम्या पुड्या जर्सीच्या मागच्या खिशात. ती जर्सी धुऊन गॅलरीत वाळत घातली तरी खिशाच्या शिवणीपाशी मुंग्यांची रांग लागलेली असते. बायकोने आता जर्सी धुण्याचं खातं त्याच्याकडेच सोपवलं आहे.

घामाचा हिशोब निराळा. मे महिन्यात एक दिवस तो बाथरूममध्ये वजनकाटा घेऊन गेला, अंगावरचं सगळं उतरवून वजन केलं, तासभर पळून आला, पुन्हा तसंच वजन केलं. घटलेलं वजन अधिक प्यालेलं पाणी बरोबर घाम. एक किलो म्हणजे एक लिटर. आकडा हाती आल्याच्या आनंदात तो तसाच बाहेर यायला निघाला, तेव्हा बायको ओरडली, “अरे, आधी टॉवेल! मावशी आल्यात भांड्यांना!” काळ्या बनियनवर सुकलेल्या मिठाच्या पांढऱ्या डागांचे त्याने फोटो काढून ठेवले आहेत, आणि विचारलं नाही तरी तो ते दाखवतो. तेव्हापासून कुणी साधं “पाणी घेणार का?” म्हटलं तर तो “किती मिली?” असं विचारतो. हेही अगदीच वेडेपण नव्हे. तासन्‌तास नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं, तर रक्तातलं सोडियम पातळ होऊन जिवावर बेतू शकतं.

या सगळ्यावर त्याच्या आईचं मत मोलाचं आहे. ओट्यावर तो ग्रॅमच्या काट्यावर पांढऱ्या पावडरी तोलून बाटलीत मिसळत होता. आईने बोट बुडवून चाटलं. “मीठ-साखर-पाणीच की हे! लहानपणी तुला जुलाब लागले तेव्हा मी फुकटात पाजलं होतं.” शिदोरीवीर दुखावला, पण आई बरोबर होती. साखरेच्या सोबतीने मीठ आणि पाणी आतड्यातून झटकन आत जातं, याच आधारावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी 1971 च्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याच्या रुग्णांचे प्राण वाचवले. परदेशी डब्यातली पावडर त्याच तत्त्वावर चालते. वर संत्र्याचा वास तेवढा जास्त.

शर्यतीच्या आधीचे दोन दिवस मात्र घरात सुतकासारखे. भाजी बंद, कोशिंबीर बंद, उसळ तर नावही काढायचं नाही. चोथा पोटात नको. वजनाच्या दर किलोमागे दहा ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे सत्तर किलोच्या गड्याला दिवसाला सातशे ग्रॅम. नुसत्या शिजलेल्या भातावर भागवायचं तर अडीच किलो. नेमकं त्याच सुमारास मामेबहिणीचं लग्न निघालं. पंगतीत याने भात, जिलबी, भात, पुन्हा जिलबी असा सपाटा लावला. वाढपी म्हणाला, “साहेब, भाजी?” “नको, फायबर आहे.” वाढप्याने बादलीत वाकून पाहिलं. मामा कानाशी येऊन म्हणाले, “अरे, साखर तपासून घे एकदा.”

पुराणकथाही त्याच्याकडे तयार असतात. 1978 साली हवाईत पहिली आयर्नमॅन झाली तेव्हा जॉन डनबारच्या सोबत्यांजवळचं पाणी संपलं आणि त्यांनी त्याला बिअर पाजली. तरी गडी दुसरा आला. ही कथा तो हसत सांगतो. 1995 ची सांगताना आवाज खाली येतो. झिंबाब्वेची पॉला न्यूबी-फ्रेझर, तोवर ही शर्यत सात वेळा जिंकलेली बाई, आघाडीवर राहायच्या घाईत पाण्याची ठाणी टाळत गेली आणि शेवटची रेषा डोळ्यांसमोर असताना रस्त्यावर कोसळली. वीसेक मिनिटं पडून राहिली, पाणी प्यायली, उठून अनवाणी चालत गेली आणि चौथी आली. “पाण्याची ठाणी टाळत गेली!” हे तो दोनदा म्हणतो.

गोव्यात तो पहाटे तीनला उठून हॉटेलच्या खोलीत ब्रेड-जॅम आणि केळं खातो. शेजारच्या खोलीतले लोक तेव्हा नुकते झोपायला आलेले असतात. पोहून होतं. सायकलवर पहिल्याच गतिरोधकाला मिठाच्या पाण्याची बाटली उडून गटारात जाते आणि कित्येक महिन्यांचा हिशोब तिच्यासोबत जातो. पळायला लागेपर्यंत उन्हाने आणि दमटपणाने पोट संपावर गेलेलं असतं. घड्याळ टुणटुणतं, हात पुडीकडे जातो, पण तोंड उघडत नाही. शेवटी ठाण्यावरचं एक पोरगं बुडबुडे उडालेल्या कोलाचा पेला पुढे करतं. त्याच्या खाण्याच्या कोष्टकात हे नव्हतं. किती मिली, हेही तो विचारत नाही. वर दुसरा पेला मागतो.

शर्यत पुरी करतो, हे सांगायला हवं. करतातच बहुतेक. त्या रात्री तो माशाच्या ताटावर बसतो आणि भाताचे ग्रॅम मोजत नाही. बायको ते मोजते.

अशा माणसाशी मैत्री जरूर करा. चालताना धाप लागणाऱ्यांना तेवढीच लाज वाटते. फक्त शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात त्याच्याकडे जेवायला जाऊ नका आणि नंतरच्या आठवड्यात त्याला जेवायला बोलावू नका.