धार बघा, धार!

रंगात थिनर किती घालायचं, हे अण्णांना विचारू नये. विचारलंत की संध्याकाळ गेली.

असा एखादा अण्णा तुमच्याही सोसायटीत असणारच. आमचे अण्णा आगगाड्यांची मॉडेलं करतात. एचओ स्केल, म्हणजे 1:87, रुळांतलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. त्यांना एअरब्रशने रंग मारतात. मारतात म्हणजे मारायच्या तयारीत असतात.

"रंग दुधाइतका पातळ हवा," असं सगळे सांगतात. अण्णांचं त्यावर भागत नाही. "कुठलं दूध? गाईचं की म्हशीचं? कच्चं की तापवलेलं?" मग कपात रंग ढवळायचा, काडीने कडेला लावायचा आणि चष्मा कपाळावर चढवून ओघळ कसा उतरतो ते न्याहाळायचं. "धार बघा, धार!" घट्ट राहिला तर नोझल तुंबतं, नाहीतर रंग डब्यापर्यंत पोचायच्या आतच वाळून खरखरीत बसतो. फार पातळ झाला तर हवेने फराटे पळतात. आणि या मापात केसाएवढा थर म्हणजे खऱ्या डब्यावर पाच-सहा मिलिमीटरचा गिलावा! दारांच्या फटी बुजल्याच म्हणून समजा.

इथवर शास्त्र आहे, मान्य. पण भाचीच्या लग्नात या गृहस्थांनी मठ्ठ्याचा पेला तिरका करून व्याह्यांना दाखवला. "धार बघा. वीस पीएसआयला आरामात जाईल." व्याही अजून आम्हाला बिचकून असतात. आमच्याकडे जेवताना अण्णा आमटीची वाटी कलती करून म्हणाले, "वहिनी, अजून दोन थेंब हवे होते." तेव्हापासून अण्णा जेवायला असले की आमच्याकडे झुणका होतो. कोरडा. 2022 मध्ये डेक्कन क्वीनला नवे डबे लागले, तर हे पुणे स्टेशनवर जाऊन नख लावून आले. "घट्ट मारलाय."

ही गाडी म्हणजे त्यांचा जीव. 1930 साली सुरू झाली तेव्हा तिचा एक रेक रुपेरी होता, दुसरा गडद निळा. पण अण्णांना हवा तो पुढचा क्रीम-निळा, त्यांच्या पासाच्या दिवसांतला. नोकरीभर सकाळी सव्वासातला त्यांनी तीच गाडी पकडली. बाटलीतलं क्रीम त्यांना पटत नाही. त्यात थेंबभर पिवळा, मग थेंबभर पांढरा, मग पुन्हा थिनर. पावसाळ्यात तर काम बंदच, दमट हवेत लॅकरवर पांढुरकी झाक येते म्हणून.

परवा त्यांनी डायनिंग कारचं छप्पर उचलून दाखवलं. टेबलाभोवती नखाएवढी चार माणसं. पासवाल्यांचा ग्रुप. त्यातले आता अण्णाच उरलेत. एकाचा शर्ट चौकडीचा, एकाचा फिका पिस्ता, तिसरे स्वतः अण्णा, पांढऱ्या बुशशर्टात. इतक्या बारीक चौकड्या या वयात कशा रंगवल्या, देव जाणे. मला बोलायला काही सुचेना.

चौथा मात्र नुसत्या करड्या प्रायमरवर.

"याचा शर्ट आठवत नाही का?"

"आठवतो की. दोनशे रुपये न देता गेला. बसू दे तसाच."