अण्णांचं आवर्तन

नदीकाठच्या गावात मासे धरणारे पाच-पंचवीस असतात आणि खाणारे बहुतेक सगळेच. मासे मोजणारा मात्र एखाद्याच गावाच्या नशिबी येतो. तो आमच्या कवठे येमाईच्या नशिबी आला. गळ नाही, जाळं नाही, खाण्याचा तर प्रश्नच नाही, कारण गळ्यात माळ. तरीही घोडनदीत माशाने शेपूट हलवली तर तिची नोंद अण्णांच्या रजिस्टरात व्हायला हवी, असा त्यांचा आग्रह.

अण्णा उभी हयात कालव्यावर मोजणीदार होते. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणं ते पाच पांडवांसारखी म्हणून दाखवतात. वरून पाणी सुटलं किती, खाली पोचलं किती, एवढंच आयुष्यभर लिहिलं. वरून सुटलेलं पाणी जसंच्या तसं टेलला कधी पोचत नाही. थोडं जमीन पिते, थोडं ऊन पितं आणि बाकीचं रात्रीच्या मोटारी पितात. या सगळ्याला मिळून कागदावर एकच भारदस्त शब्द आहे, वहनव्यय. अण्णांना तो शब्द इतका आवडतो की लेकीच्या लग्नात वाढप्याने जिलबी संपल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं होतं, "खपली किती आन् वहनव्यय किती?"

निवृत्तीनंतर बाकीची माणसं देवळात नाहीतर निवडणुकीत रमतात. अण्णा बंधाऱ्यावर रमले. आमच्या या बेट भागाला घोड आणि कुकडी अशा दोन नद्यांचा शेजार, त्यामुळे कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना तोटा नाही. पावसाळा सरला की ढापे बसवायचे, पाणी अडवायचं आणि पुढच्या पावसाळ्याआधी ढापे काढून नदीला वाट मोकळी करून द्यायची. अडलेलं पाणी पाहून शेतकऱ्याला ऊस दिसतो, उसात बिबट्या दिसतो. अण्णांना मात्र रिकामं रजिस्टर दिसलं. त्यांनी पेन्शनीतून माशांची बोटुकली आणून बंधाऱ्यात सोडायला सुरुवात केली आणि त्याला नाव दिलं 'आवर्तन'.

बोटुकली म्हणजे बोटाएवढं पिल्लू. त्याच्या आधीची पायरी अर्धबोटुकली आणि अगदी सुरुवातीचं ते मत्स्यजिरे. नुकतंच अंड्यातून निघालेलं ते पिल्लू खरोखर जिऱ्याएवढंच असतं. अण्णा फोनवर मत्स्यबीजवाल्याला ओरडून सांगत होते, "जिरं नको, औंदा बोटुकलीच पायजे!" आतून काकू म्हणाल्या, "जिरं हवंय. मोहरीपन संपलीय."

पहिल्या आवर्तनाला मी हजर होतो. दिवाळी तोंडावर आलेली, ढापे नुकतेच बसलेले. टेम्पोतून फुगलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या उतरल्या. खाली तिसरा हिस्सा पाणी, वर ऑक्सिजन, तोंडाला रबर आणि आत कटला-रोहूची पिल्लं सुईसारखी चमकत होती. पोरांना वाटलं, आता पिशवी फोडायची आणि धो धो ओतायचं. अण्णांनी हात आडवा केला. "थांबा रे. परक्या गावचं पानी अन् आपलं पानी, गारवा एक व्हऊ द्या." पिशव्या न उघडता नदीत तरंगत ठेवल्या आणि स्वतः काठावर घड्याळ धरून बसले. वीस मिनिटांनी रबर सोडलं, नदीचं पाणी ओंजळीने आत घेतलं, पिशवी आडवी केली. पिल्लं आपणहून बाहेर पडली. सासरी निघालेल्या पोरीसारखी दोन-तीन तेवढी पिशवीतच घुटमळली. अण्णांनी त्यांच्यासाठी आणखी दहा मिनिटं काढली. नंतर रजिस्टर उघडून 'सोडले' या रकान्यात आकडा टाकला. शेजारचे रकाने 'पोचले', 'तफावत' आणि 'शेरा'.

"अण्णा, तुम्ही खात नाही, विकत नाही, मग हे कशासाठी?" मी विचारलं.

"गुरुजी, मी जन्मभर लोकांच्या उसाला पानी मोजलं. त्यातलं एक टिपरू तरी माझं व्हतं का?"

यावर उत्तर नव्हतं. मी शाळामास्तर. दुसऱ्यांची पोरं मोजण्यातच माझीही नोकरी चालली होती.

मासे दरवर्षी सोडावे का लागतात, हे अण्णा कुणालाही समजावून सांगतात. विचारलं नाही तरी. कटला, रोहू, मृगळ ही मंडळी मूळची गंगेकडची. साचल्या पाण्यात ती वाढतात, पण विणीसाठी त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. त्यामुळे तळ्यातल्या माशाला पाळणा हलायचा नाही. १९५७ साली १० जुलैला ओडिशात हिरालाल चौधरी या शास्त्रज्ञाने माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांची वीण करून दाखवली आणि हॅचरीचा रस्ता मोकळा झाला. देशभर १० जुलै मत्स्यशेतकरी दिन असतो. त्या दिवशी अण्णा बंधाऱ्यावर नारळ फोडतात. प्रसाद पोरांना आणि करवंटीतलं पाणी नदीला. तेवढ्याचा हिशेब मात्र ते ठेवत नाहीत.

गाडं अडायचं ते पावसाळ्यात. ढापे निघाले की पाण्याबरोबर मासेही निघायचे. वाटेत कुकडी येऊन मिळते, पुढे चिंचणीचं घोड धरण, मग भीमा, मग उजनी. 'पोचले' हा रकाना कोराच. जाळेवाल्याने कटला पकडला की अण्णा धावत जाऊन विचारायचे, "हा माझा का?" जाळेवाला म्हणायचा, "आता माझा." वाद तिथेच संपायचा. वर ढापेच चोरीला जाण्याची वार्ता दरवर्षी कुठल्या ना कुठल्या बंधाऱ्यावरून यायची. पारावर कुणीतरी म्हणालंही, "लोखंड परत येईना, मासा कुठनं येतोय?" लोकशाहीर बी. के. मोमीन कवठेकरांचं हे गाव. इथे टोमणासुद्धा ठेक्यात येतो.

मग अण्णांचा अमेरिकेतला भाचा सुट्टीला आला. हा पोर्टलँडला राहतो. शहराच्या अंगालाच क्लॅकमस नावाची नदी आहे आणि तिच्यात स्टीलहेड नावाचा मासा येतो. गोड्या पाण्यात जन्मायचं, समुद्रावर जाऊन थोराड व्हायचं आणि विणीला वासाच्या मागावर पुन्हा जन्माच्या नदीत यायचं. हॅचरीवाले पिल्लं सोडताना त्यांच्या पाठीवरचा, शेपटीच्या अलीकडचा मांसाचा छोटासा पर कापून टाकतात. गळाला लागलेल्या माशाचा तो पर नसला तर तो सोडलेला, घरी न्या. असला तर तो रानातला, परत पाण्यात सोडा. शेकड्याला एक-दोन परतले तरी ती माणसं खूश असतात.

अण्णांचे डोळे पाण्याने भरले. "शेकडा एक? म्हंजी अमेरिकेचा वहनव्यय आपल्यापेक्षा जास्ती!"

मी भीत भीत सोडलेल्या माशांची दुसरी बाजू मांडली. लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात महसीर वाढवले, देशभर पाठवले, फार मोठं काम झालं. पण त्यातलेच कावेरीत गेले, तिथे माजले आणि तिथला मूळचा कुबडा महसीर नाहीसा व्हायच्या बेतात आला. अण्णा गंभीर झाले. "म्हंजी पाव्हना कोन अन् घरचा कोन, हे कळाया पायजेच. गुरुजी, पर कापायचा."

पुढच्या आवर्तनाला तीनशे बोटुकली बाजूला काढली. अण्णांच्या हातात काकूंची नखं कापायची कात्री, माझ्या हातात रजिस्टर. पहिलं पिल्लू ओल्या तळव्यावर घेतलं, चष्मा वर केला, खाली केला. पाठीवर तो पर सापडेना. दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. अर्ध्या तासाने भाच्याला फोन लागला आणि उलगडा झाला, की तो जादा पर कटला-रोहूला देवाने दिलेलाच नाही. आपल्याकडे तो शिंगाड्याला असतो, आणि शिंगाड्याच्या काट्यापुढे कात्री न्यायची अण्णांची छाती नव्हती. शेवटी पोटाखालच्या दोन परांपैकी डावा कापायचं ठरलं. संध्याकाळपर्यंत तीनशे झाले. काकूंनी कात्री वासाला नाकाशी धरली आणि कायमची अण्णांना देऊन टाकली.

आता परतीचा मासा कळणार कसा? अण्णांनी पारावर जाहीर केलं, "पर कापलेला मासा आनून दाखवील त्याला वीस रुपये. मासा ज्याचा त्याला." कुठला पर, हे मात्र गुपित. "गेजची किल्ली कुनी वाटत फिरतं का?"

पहिलं वर्ष कोरडं गेलं. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि परतीच्या माशांची रीघ लागली. पहिल्या दोघांना अण्णांनी आनंदाच्या भरात मोजून पैसे दिले. तिसऱ्याच्या वेळी चष्मा पुसला. जखम लालभडक, कड सरळ आणि पर उजवा. चौथ्याने पाठीवरचा कापला होता. एकाने संशयाला जागाच नको म्हणून शेपूट उडवली होती. एक बहाद्दर चिलापी घेऊन आला, जी अण्णांनी जन्मात सोडली नव्हती. अण्णा कुणावरही ओरडले नाहीत. शेऱ्यात त्यांनी कालव्यावरचा जुना शब्द लिहिला, 'अनधिकृत उपसा'. चिलापीपुढे लिहिलं, 'पाहुणी'.

मग मृग लागला. पहिलं गढूळ पाणी आलं आणि मासे उलटे, प्रवाहाच्या वर चढू लागले. या चढणीच्या माशांसाठी पोरं रात्री बॅटऱ्या घेऊन, बिबट्याच्या भीतीने मोठमोठ्याने गाणी म्हणत नदीवर जातात. माझ्या सातवीतलं एक पोरगं सकाळी अण्णांच्या ओट्यावर आलं. हातात पावणेदोन किलोचा रोहू, बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला धरलेला. अण्णांनी सवयीने उजवीकडे बघितलं. ताजी जखम. शेरा लिहायला पेन काढलं आणि मासा पालथा करताना त्यांचं बोट डावीकडे लागलं.

तिथे पर नव्हता. जखमही नव्हती. जुनी, गुळगुळीत, खवल्यांत बुजलेली जागा होती आणि तिच्या टोकाला तांदळाएवढा वाकडा कोंब.

अण्णा मटकन खाली बसले. पोरगं घाबरलं. "अन्ना, खरं सांगतो, येमाईची आन. डावा म्या न्हाई कापला. तो आधीच नव्हता. मला वाटलं, ह्याचं पैसं कुनीतरी आधीच उचलल्यात. म्हनून म्या दुसरा कापला."

अण्णा हसले, खोकले आणि पुन्हा हसले. वीसऐवजी पन्नासाची नोट काढून दिली. रजिस्टरात पानं उलटून 'पोचले' या रकान्यात आकडा घातला, १. नंतर माझ्याकडे बघून म्हणाले, "गुरुजी, हा उजनीला जाऊन आला असंल का हो?"

मधल्या धरणाच्या भिंतीला शिडी नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. मासा बंधाऱ्यामागच्या एखाद्या डोहातून हललाच नसणार. पण मी पस्तीस वर्षं पोरांच्या उत्तरपत्रिका तपासल्यात. उत्तर चुकलं तरी रीतीचे मार्क द्यायचे असतात. म्हटलं, "असेलही."

"बाकीचे दोनशे नव्व्यान्नव?" काकूंनी आतून विचारलं.

"वहनव्यय," अण्णा म्हणाले. हा शब्द इतका आनंदाने उच्चारलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना पाहिलं, तर अण्णा त्या पोराच्या दारात उभे. उंबऱ्याच्या बाहेर, रश्श्याचा वास लागू नये म्हणून उपरणं नाकाला, काखेत रजिस्टर. आत त्याच्या आईला विचारत होते, "वयनी, काल मासा पावनेदोन किलो सोडला व्हता. ताटात किती पोचला?"