ओट्यावरचे साहेब

वरणगावच्या आयुध निर्माणीत काडतुसं बनतात. गावातल्या बाया मात्र दचकतात त्या सूक्ष्म कर्जाच्या गटाच्या हप्तेवाल्या साहेबांच्या मोटारसायकलीला. साहेब तसे फार सभ्य. आवाज चढवत नाहीत. नुसते हप्ता चुकलेल्या ताईंच्या ओट्यावर बसतात, चहाला नको म्हणतात आणि गल्लीला ऐकू जाईल इतपतच विचारतात, "ताई, मग आज कसं करायचं?" गटातल्या बाकीच्या चौघीजणींनाही तिथंच बसवून ठेवतात. त्यांच्या चुलीवरची भाजी करपली की ताईंकडे आपोआप पैसे निघतात, असा या शास्त्राचा सिद्धांत.

रिझर्व्ह बँकेनं 2022 मध्ये नियम केला की सूक्ष्म कर्जाची वसुली ठरलेल्या जागी करावी, सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर फोन करू नये, धाकदपटशा तर नाहीच नाही. बँकेचं घड्याळ मुंबईत आहे, त्याला कोण काय करणार!

वसुली नाजूक हातांनीही होते बरं का. जळगावच्या बीएचआर पतसंस्थेचं पाहा. ठेवी अडकल्या आणि 2015 मध्ये तिथं अवसायक नेमला गेला. आरोप असा, की कंटाळलेल्या ठेवीदारांच्या पावत्या कवडीमोलानं घ्यायच्या आणि बड्या कर्जदारांच्या खात्यात पूर्ण किमतीला वळत्या करायच्या. कर्ज फिटलं, ओरडा नाही, ओट्यावर कुणी बसलं नाही. नोव्हेंबर 2020 मध्ये छापे घालायला पोलीस आले, तेही पुण्याहून.