पायाळू मामा आणि बिनलाथेची उसण

भंडारा जिल्ह्यात कंबर धरण्याचा हंगाम ठरलेला आहे. आषाढात पाऊस लागला की पवनी-लाखांदूरपासून तुमसर-मोहाडीपर्यंत बायका धान रोवायला चिखल केलेल्या बांध्यांत उतरतात, आणि सकाळी वाकलेली कंबर पऱ्ह्यांच्या जुड्या संपेपर्यंत वर येत नाही. अशा मुलखात खुर्चीवर बसून पाठ धरवून घेणाऱ्याला सहानुभूती मिळत नाही, आणि मिळूही नये. माझी पाठ मार्चअखेरच्या हिशेबांत मानेपासून आखडली. मान वळवायची तर सगळा देह वळवावा लागे. साहेबांनी हाक मारली की मी छाती समोर करून पूर्ण त्यांच्याकडे वळायचो. त्यामुळे माझ्या अंगी नम्रता आली, असा त्यांचा समज झाला. घरी कामाला येणाऱ्या बाईंनी विचारलं, "का जी, रोवना केला का?" म्हटलं, "नाही, कॉम्प्युटर." त्या पदर तोंडाला लावून भांड्यांकडे गेल्या.

आमच्याकडे उसण भरली की आधी पायाळू माणूस शोधतात. जन्मताना डोक्याऐवजी पाय पुढे करून जो आला, त्यानं दुखऱ्या जागी हलकेच लाथ मारली की उसण उतरते, अशी श्रद्धा. आमच्या घरात हे पद बायकोच्या मामांकडे आहे. लग्नकार्यात नवरदेवाच्या खालोखाल त्यांना मान. अक्षता पडल्या की मांडवामागे रुग्णांची रांग लागते. त्यातला 'हलकेच' हा शब्द मात्र मामांच्या कानावर कधी आलेला नसावा.

ही विद्या आता बुडत चालली आहे. 2000 साली 'लॅन्सेट'मध्ये एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. दिवस भरलेलं बाळ पोटात उलटं असेल तर ठरवून सिझेरियन करणं बाळासाठी अधिक सुरक्षित, असा तिचा निष्कर्ष होता, आणि जगभरच्या डॉक्टरांनी तो मनावर घेतला. बाळं सुखरूप येऊ लागली, हे उत्तमच झालं. पण पायाळूंची भरती जवळपास बंद पडली. पोटात पाय पुढे होते पण ऐनवेळी डॉक्टरांनी वरच्या दारानं बाहेर काढलं, अशा माणसाची लाथ लागू पडते का, यावर आमच्या नातेवाइकांत अजून एकमत नाही.

मामा त्या आठवड्यात साकोलीला वऱ्हाडात होते, म्हणून मुलीनं मला फिजिओथेरपीच्या दवाखान्यात नेलं. सासूबाईंनी ओवा-लसूण घालून कढवलेल्या तिळाच्या तेलाची बाटली बरोबर दिली. ती पाहून फिजिओताई म्हणाली, "काका, तेल नको. हात घसरतो." मग तिनं खांद्याच्या पात्याखाली तळहात टेकवला आणि काहीच केलं नाही. मी वाट पाहिली. भिंतीवरच्या सांगाड्याची ओळख करून घेतली. शेवटी विचारलं, "सुरू केव्हा करणार?"

"सुरूच आहे काका."

याला मायोफेशियल रिलीज म्हणतात. स्नायूंना वरून आणि आतूनही वेढणारं एक पातळ, चिवट आवरण असतं, त्याचं नाव फॅशिया. मटणाच्या दुकानात खाटीक सुरी लावून जी पांढरी झिल्ली सोलतो, ती हीच. दर रविवारी दुकानासमोर उभा राहून मी ती बजावून काढायला लावतो. ती माझ्याही अंगात ठासून भरलेली आहे हे कळल्यावर पुढच्या रविवारी मी जरा बिचकतच जेवलो.

या आवरणाचे थर एकमेकांवर सरकेनासे झाले की अंग जखडतं. मंद दाब दीड-दोन मिनिटं, कधी पाच मिनिटंही धरून ठेवला की ते सैल होतं, असं शास्त्र सांगतं. अमेरिकेत जॅनेट ट्रॅव्हेल या डॉक्टरीणबाई आयुष्यभर स्नायूंतल्या दुखऱ्या गाठींच्या मागे होत्या. राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या पाठीवर त्यांनीच उपचार केले, आणि 1983 साली डेव्हिड सायमन्स यांच्याबरोबर त्यांनी या विषयाचा जाडजूड ग्रंथ काढला. पण 2008 साली काही संशोधकांनी गणित मांडून दाखवलं, की मांडीची किंवा तळपायाची फॅशिया एक टक्का जरी दाबायची म्हटली तरी माणसाच्या हातात तेवढं बळच नसतं. म्हणजे सैल होते ती झिल्ली नव्हे, बहुधा तिच्याबद्दल मेंदूकडे गेलेली तक्रार. सरकारी नोकरीत राहून मला हे लगेच पटलं. फाईल जागची हलली नाही, तरी अर्जदाराला समोर बसवून चहा पाजला की तो निम्मा बरा होऊन घरी जातो.

काही असो, मान वळू लागली. घरात मात्र कुणाचा विश्वास बसेना. ओरडला नाहीत, हाड वाजलं नाही, तेलही लागलं नाही, मग पैसे कशाचे दिले? अखेर सासूबाई स्वतः दवाखान्यात चौकशीला आल्या. माझ्या पाठीवरचा तो स्वस्थ हात त्यांनी बराच वेळ न्याहाळला.

"का वं पोरी, तू पायाळू आहेस का?"

ती हसली. "नाही आजी, मी सिझेरियनची."

"तरीच," सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हातानं करावं लागते बिचारीले."