काटा तपासायला कांदा कशाला?

लासूर स्टेशनच्या बाजारात लिलाव झाला की कांद्याचा ट्रॅक्टर भुईकाट्यावर चढतो, खळ्यावर माल उतरवतो आणि रिकामा होऊन पुन्हा काट्यावर येतो. भरल्या वजनातून रिकामं वजा. चार महिन्यांचं पीक या एका वजाबाकीत बसतं, म्हणून काट्याची दर 12 महिन्यांनी पडताळणी करून शिक्का मारून घ्यावा लागतो. वैधमापनाचा निरीक्षक त्यासाठी प्रमाणित वजनं वापरतो. रांगेतला एखादा ट्रॅक्टर चढवून ‘बघू, बरोबर दाखवतो का’ असं तो करत नाही. त्या ट्रॅक्टरचं खरं वजन आधी कुणाला ठाऊक असतं?

ही साधी अक्कल आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांना कधी येणार?

गेल्या हंगामात माझ्या चुलत्यांच्या फोनवर रात्री दहाला हिशोबपट्टीचा मेसेज आला. कांदा 40 क्विंटल, एकूण रक्कम 100 रुपये. त्याच दिवशी त्यांनी खरोखर कांदा विकला होता. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी आडत उघडायच्या आधी ते दारात हजर. सॉफ्टवेअर करणारा पोरगा म्हणाला, “काका, ती टेस्टिंग होती.”

चुलते म्हणाले, “आरं, मग तुझी टेस्टिंग माझ्या नंबरावर कशाला?”

मीही वेबची कामं करतो. इतका नेमका प्रश्न मी आमच्या धंद्यातल्या कुठल्याच बैठकीत ऐकलेला नाही.

पोरगा ओळखीचा. त्यानं लॅपटॉप उघडून दाखवला. आडतीचं अ‍ॅप जँगोवर, म्हणजे पायथन भाषेतल्या वेब अ‍ॅप बनवायच्या तयार सांगाड्यावर, उभं होतं. चाचणी चालवली की जँगो डेटाबेस वेगळा तयार करतो, त्याच्या नावाला ‘टेस्ट’ जोडतो आणि काम संपलं की पुसून टाकतो. ईमेलही बाहेर जाऊ देत नाही, मेमरीतच साठवून ठेवतो. त्यामुळे पोरगा निर्धास्त होता. पण एसएमएस जँगोच्या अखत्यारीत येत नाही. ते त्यानं स्वतः जोडलेलं होतं आणि एसएमएस कंपनीची खरी किल्ली, म्हणजे मेसेज पाठवायचा पासवर्ड, कोडची फाइल उघडताक्षणी वाचली जाईल अशी सोय करून ठेवली होती. चाचणी सुरू व्हायच्या आधीच खरी किल्ली अ‍ॅपच्या हातात!

दोष इथेच आहे. अ‍ॅपनं आपली सामग्री स्वतः जाऊन उचलू नये, ती बाहेरून हातात द्यावी. अ‍ॅप उभं करणारं एक फंक्शन लिहा आणि त्याला सांगा: हा डेटाबेस, ही किल्ली, हा मेसेज पाठवणारा. बाजारात खरा पाठवणारा द्या. चाचणीत असा द्या, जो पाठवत नाही, फक्त वहीत टिपतो. मग वही उघडून बघा, 40 क्विंटलचा हिशोब बरोबर लागला का. आणि किल्ली मिळाली नाही तर अ‍ॅपनं तिथंच बंद पडावं, गुपचूप खऱ्या किल्लीकडे वळू नये. चाचणीची पहिली ओळ तर हीच असावी: माझ्या हातात कुठला डेटाबेस आहे, कुठली किल्ली आहे? नाव खऱ्याचं निघालं तर पुढं एक पाऊल नाही.

चुका मोठ्यांकडूनही होतात. जून 2021 मध्ये एचबीओ मॅक्स या व्हिडिओ सेवेच्या ग्राहकांना चाचणीचा रिकामा ईमेल गेला होता. तिथं लोक हसले. इथं माणूस रात्रभर जागला.

आता उलट टोकाचेही लोक आहेत. चाचणीत सगळंच खोटं घालतात. खरा डेटाबेस पोस्टग्रेस, चाचणीला एसक्यूलाइट, कारण ते पटकन चालतं. नावाच्या रकान्याला 20 अक्षरांची मर्यादा घातली तर पोस्टग्रेस ती पाळतं, एसक्यूलाइट पाळत नाही. चाचणी हिरवी, म्हणजे पास. आणि वडिलांच्या नावासकट, आडनावासकट लांब नावाचा शेतकरी आला की पट्टी अडकते, ट्रॅक्टर खोळंबतो, मागची रांग शिव्या घालते. निरीक्षक वजनं स्वतःची लावतो, पण काटा तोच तपासतो, ज्यावर उद्या माल चढणार आहे. बाहेर जाणारा मेसेज बदला, पैशाची वाट बदला, पण डेटाबेस त्याच जातीचा आणि त्याच आवृत्तीचा ठेवा. चार मिनिटं जास्त लागतील. लागू द्या.

आडतदारांनाही माझं सांगणं आहे. सॉफ्टवेअर घेताना किंमत विचारता तसं हेही विचारा: तुमची चाचणी कुठल्या डेटाबेसवर चालते, तिचे मेसेज कुठं जातात? उत्तर देताना समोरचा अडखळला तर पैसे देऊ नका. भुईकाट्यावर शिक्का नसेल तर तुम्ही माल चढवाल का?

चुलत्यांचा नंबर त्या चाचणीच्या फाइलमधून माझ्यासमोर काढला गेला. त्याच्या खाली आणखी तीन नंबर होते, तिन्ही शेतकऱ्यांचे. ते पोरगा ‘उद्या काढतो’ म्हणाला. परवा विचारलं, अजून तिथंच आहेत.