सामानाशी कोण थांबणार?

मराठी कुटुंब समुद्रावर गेलं की त्यातला एक माणूस कोरडा राहतो. बाकीचे पँटी दुमडत, ओढण्या खोचत, "आली आली, मोठी आली" असं ओरडत पाण्याकडे धावतात आणि हा वाळूत चपलांच्या ढिगाशेजारी बसकण मारतो. मांडीवर चार पर्स, मनगटात तीन घड्याळं, एका खिशात कुणाचा तरी चष्मा, दुसऱ्यात कुणाची तरी कवळी. गणपतीपुळ्याला हा असतो, दिवेआगरला असतो, हरिहरेश्वरला तर प्रत्येक ट्रॅव्हलरमागे एक असतो. त्याला कुणी नेमत नाही. "सामानाशी कोण थांबणार?" एवढा प्रश्न निघायचा अवकाश, उत्तर येईपर्यंत त्याची सतरंजी पसरून झालेली असते.

आमच्या इंदिरानगरातले नाना हे या पंथाचे बुजुर्ग. त्यांचं बालपण पंचवटीत गेलं. रामकुंडाच्या आसपास वाढलेल्या माणसाला पोहणं आणि संशय घेणं या दोन गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत. पर्वणीला घरी खानदेशापासून वऱ्हाडापर्यंतचे पाहुणे उतरायचे, पहाटे गंगेवर स्नानाला निघायचे (गोदावरी हे नाव नाशिककर फक्त भूगोलाच्या पेपरात लिहितो), आणि त्यांचे कपडे, लोटे, जानव्याला बांधलेल्या ट्रंकेच्या किल्ल्या सांभाळायला घरातलं एक पोर काठावर बसवलं जायचं. ते पोर म्हणजे नाना. 2015 च्या सिंहस्थापर्यंत हा हुद्दा त्यांच्याकडेच होता आणि 2027 च्या पर्वण्यांसाठी नातेवाइकांनी आत्तापासून त्यांना शब्द टाकून ठेवला आहे.

नानांची स्वतःची अशी पद्धत आहे. चपलांचा जोड एका जागी ठेवायचाच नाही. डाव्या एका ढिगात, उजव्या दहा पावलांवर दुसऱ्या ढिगात. चोर जोड जुळवत बसतो आणि तेवढ्यात मालक अंघोळ करून वर येतो, असं त्यामागचं शास्त्र. शिवाय पिशवीत कायम नायलॉनची दोरी, सेफ्टी पिनांची माळ, चार रिकाम्या कॅरीबॅगा आणि कोंडाजीचा चिवडा. नोकरी मुंबईच्या बँकेत, जाणं-येणं रोज पंचवटी एक्स्प्रेसनं. म्हणजे रुमाल टाकून जागा धरण्याचं शिक्षणही पासाबरोबरच झालेलं.

अशा माणसाला त्याच्या मुलानं क्रूझला नेलं. हल्ली नाशिककर क्रूझला बिचकत नाही. 2021 पासून मुंबईहून कॉर्डेलियाचं जहाज सुटायला लागलं तेव्हापासून गोवा-लक्षद्वीपच्या गोष्टी आमच्या जॉगिंग ट्रॅकवर रोज ऐकू येतात. पण नानांचा मुलगा न्यू जर्सीत, माझी मुलगीही तिथेच, त्यामुळे आमची दोन्ही घरं एकदम मायामीच्या धक्क्यावर उभी राहिली. तिथल्या काउंटरवरच्या बाईनं पासपोर्ट मागितला. नानांनी तो दिला, पण सोडला नाही. "आमच्या नाशिकरोडला छापतात, इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये," त्यांनी तिला मराठीत सांगितलं. "माझा मेव्हणा तिथूनच रिटायर झाला." बाई गोड हसली आणि तिनं दुसऱ्या टोकानं पासपोर्ट ओढला. तिच्या लेखी असेल नसेल, नानांच्या लेखी ओळख निघाली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी जहाज कंपनीच्या खासगी बेटाला लागलं. नकाशात याचं नाव लिटल स्टिरप के. बहामाज देशातल्या बेरी बेटांपैकी हे एक चिमुकलं बेट. रॉयल कॅरिबियन कंपनीनं त्याचं कोकोके असं बारसं केलं आणि 25 कोटी डॉलरच्या घरात खर्च करून मे 2019 मध्ये ते नव्यानं थाटलं. शेजारीच ग्रेट स्टिरप के, ते नॉर्वेजियन कंपनीचं. प्रवाशांसाठी कंपनीनं स्वतःचं बेट बाळगण्याची टूम 1977 मध्ये तिथूनच निघाली. डिस्नेनं 1998 मध्ये आपलं बेट सुरू केलं. हैतीतल्या लाबादीला तर 1986 पासून भर मुलखातला किनाराच कुंपण घालून वेगळा काढलेला. ही सगळी माहिती मुलानं नाश्त्याला दिली. नाना ऑम्लेटवर मिरपूड घालत म्हणाले, "म्हणजे देवाससारखं. थोरली पाती, धाकटी पाती. राजे वेगळे, रयत आपण."

आता या बेटांचं सगळं मर्म असं, की इथं माणसाला कशाचीच काळजी नको. गळ्यात शहाळी घेऊन मागे लागणारा पोरगा नाही, घोडेवाला नाही, भेळवाला नाही, कुत्रं नाही. जो उतरला तो आपल्याच जहाजाचा. हे वातावरण भल्याभल्यांना स्वर्गासारखं वाटतं. नानांना ते संशयास्पद वाटलं. धक्क्यावरून चालताना ते दोन्ही बाजूंना बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "गाव कुठाय?"

"गाव नाहीये बाबा. सगळं कंपनीचं."

"गाव नाही? मग चोर येणार कुठून?"

मुलगा म्हणाला, तेच तर! नानांचा चेहरा उतरला. जहाजाच्या शिडीपाशी कार्ड तपासणारा सिक्युरिटीवाला नेपाळचा निघाला. नानांनी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "भाई, इधर चोरी-बिरी?" तो म्हणाला, "कौन करेगा सर? जो उतरा वो कार्ड दिखाके उतरा, जो चढ़ेगा वो कार्ड दिखाके चढ़ेगा. ऊपर से सामान मशीन में जाएगा." चाळीस वर्षं वैद्यकी केलेल्या माणसाला गावात एकही आजारी नाही असं सांगावं, तसे नाना गप्प झाले. पण सतरंजीची गुंडाळी त्यांनी काखेतून काढली नाही.

किनाऱ्यावर आम्ही पहिले. छत्र्यांखाली पांढऱ्या आरामखुर्च्यांच्या रांगा लागलेल्या. नानांनी खिशातून रुमाल काढले. एक, दोन, तीन करत आठ खुर्च्यांवर आठ रुमाल पडले आणि वाऱ्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येकाला एकेक पीन. मग त्यांनी तिथल्या पोऱ्याला गाठून खुर्चीचं भाडं विचारलं. तो फ्री म्हणाला. छत्रीचं? तेही फ्री. नानांनी मुलाकडून पुन्हा विचारून घेतलं आणि तरीही संध्याकाळपर्यंत, कुणी पावतीबुक घेऊन येतंय का, याकडे त्यांचा एक डोळा होताच.

फुकट काय आणि विकत काय याचा उलगडा मात्र त्यांना आमच्यापेक्षा लवकर झाला. आम्ही नकाशा उलटासुलटा करत होतो. नाना म्हणाले, "सोपं आहे. रामकुंडासारखंच आहे. पाण्याला पैसे नाहीत, पुढचं सगळं यथाशक्ती." खरोखर तसंच होतं. समुद्र, वाळू, खुर्ची, गोड्या पाण्याचा तो प्रचंड तलाव, बेटावर फिरवणारी ट्राम, दुपारचं जेवण, हे सगळं तिकिटात. पण 135 फुटांवरून खाली सोडणारी घसरगुंडी ज्या वॉटर पार्कात आहे त्याचं तिकीट वेगळं, सावलीच्या खोपटाचं वेगळं, 450 फूट वर नेणाऱ्या हेलियमच्या फुग्याचं वेगळं. आणि हे दर रोज सारखे नसतात, गर्दी बघून ठरतात, असं कळल्यावर तर नाना खुलले. पर्वणीला दक्षिणा वाढते हे त्यांना लहानपणापासून माहीत. परक्या मुलुखात पहिल्यांदाच त्यांना घरच्यासारखं वाटलं.

फुग्यात मात्र ते बसले नाहीत. मुलगा पैसे भरायला तयार होता. नानांनी मान वर करून तो पिवळा गोळा नीट न्याहाळला. "वर जाऊन काय?"

"वरून सगळं बेट दिसतं बाबा."

"आणि?"

"आणि खाली येतो आपण."

"दर्शन कुणाचंच नाही? मग आमची सप्तशृंगीची ट्रॉली काय वाईट!" आणि ते सतरंजीवर परत आले.

माईंचं तसं नव्हतं. माई म्हणजे नानांच्या पत्नी. उभा जन्म नवऱ्यानं सामान सांभाळल्यामुळे त्यांना पाण्याची उत्तम सवय आहे. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला घट्ट, केसांना जहाजावरची शॉवर कॅप, अशा थाटात त्या समुद्रात जाऊन बसल्या त्या बसल्याच. सुरतेकडच्या एका बाईंशी त्यांची पाण्यातच गाठ पडली आणि गळाभर पाण्यात सुनांचा विषय निघाला. नाना काठावरून ओरडत, "अगं, मारुतीच्या कमरेपर्यंतच जा!" सुरतेच्या बाई इकडेतिकडे मारुती शोधू लागल्या. गोदेच्या पुराची उंची दुतोंड्या मारुतीवर मोजतात, अमुक तास पाऊस पडला तर पाणी गुडघ्याला, तमुक झाला तर कमरेला, हे माईंनी त्यांना गुजराती-हिंदीत समजावून दिलं. वर म्हणाल्या, "लहानपणी हे त्याच मारुतीच्या खांद्यावरून पुरात उड्या मारायचे. फार छान पोहतात."

"तो फिर आते क्यूँ नहीं?"

"सामान है ना," माई म्हणाल्या, आणि पुन्हा सुनांकडे वळल्या.

जेवणाचं फार सांगण्यासारखं नाही. एकादशी होती. फ्रेंच फ्राइज हा बटाट्याचाच प्रकार असल्यानं माईंनी तीन कागदी बोटी भरून खाल्ल्या आणि तेल कुठलं हे विचारायचं नाही असं सर्वांना बजावलं. नानांनी जागा न सोडता चिवडा खाल्ला. जहाजावरचं उघडं अन्न नि फळं बेटावर उतरवायला बंदी, पण बंद पाकीट चालतं, हा नियम त्यांनी आदल्या रात्रीच वाचून ठेवला होता आणि कोंडाजीचं पाकीट धक्का ओलांडल्यावरच फोडलं होतं.

अकराच्या सुमाराला धक्क्याच्या दुसऱ्या बाजूला आणखी एक जहाज लागलं. हे जहाज आलं नसतं तर नानांचा दिवस वाया गेला असता. ते ताठ बसले. "हे लोक आपल्या जहाजाचे नाहीत," ते हळूच म्हणाले. आवाजात काळजी होती असं म्हणवत नाही. त्यांनी आमच्या पिशव्यांचे बंद नायलॉनच्या दोरीत ओवून दोरी खुर्चीच्या पायाला बांधली, चपलांचे दोन ढीग थोडे आणखी लांब सारले आणि टोपी खाली ओढून डोळे किलकिले केले.

पण आले ते चोर नव्हते, गिऱ्हाईकं होती. आधी सुरतेच्या बाईंचे यजमान आले. "भाईसाब, जरा बॅग देखना." नानांनी नाव, गाव, जहाज विचारून बॅग ठेवून घेतली. मग एक सरदारजी तीन पोरांसह आले. मग हैदराबादकडचं नवं जोडपं. शेवटी एक अवाढव्य अमेरिकन आजोबा, त्यांच्या आजी आणि नातवंडांचा तांडा समोर उभा राहिला. आजोबा काहीतरी म्हणाले. नानांना शब्द कळले नाहीत, पण दोन्ही हातांत बॅगा धरून पाण्याकडे बघणाऱ्या माणसाची भाषा त्यांना पहिलीपासून येते. त्यांनी बोटानं जागा दाखवली. दुपारी दोनला त्या छत्रीखाली एवढं सामान होतं की नानांची फक्त टोपी दिसत होती.

आणि प्रत्येकाच्या चपला त्यांनी पद्धतीप्रमाणे वेगळ्या केल्या होत्या.

साडेतीनला जहाजाची वेळ जवळ आली तशी सगळी मंडळी एकदम वर आली. तापलेली पांढरी वाळू, ओले पाय, आणि समोर फक्त डाव्या चपलांचा ढीग. सरदारजींचा एक पोरगा लंगडीच घालायला लागला. अमेरिकन आजींनी आपल्या उजव्या पायात हैदराबादच्या नव्या नवरीची डावी सँडल चढवून पाहिली. माणसं कपाळाला हात लावून उभी होती. मला वाटलं, आता नानांची काही धडगत नाही.

नाना उठले, गुडघ्यावर हात टेकवून सावकाश. दुसऱ्या ढिगापाशी गेले आणि एकेक उजवी चप्पल उचलून ज्याची त्याला देत सुटले. निळी क्रॉक्स त्या पोराला, सोनेरी पट्ट्यांची नवरीला, टाचेकडे झिजलेली सुरतेला. एकदाही चूक झाली नाही. आजोबांच्या होडग्याएवढ्या सँडलमधून त्यांनी आधी वाळू झटकली, आत ठेवलेलं घड्याळ काढून आजोबांच्या हातात दिलं, मग सँडल. गर्दीत कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. आजोबांनी खिशातून पाच डॉलरची नोट काढली. नानांनी दोन्ही कानांना हात लावले. मग आजोबा मुलाला काहीतरी विचारून, मान डोलावत निघून गेले.

"काय विचारत होता?"

"तुम्ही कंपनीच्या नोकरीत आहात का, म्हणाला. अशी सर्व्हिस कुठल्याच बेटावर बघितली नाही म्हणे."

नाना काही बोलले नाहीत. दोरीच्या गाठी सोडवल्या, रुमालांच्या पिना काढल्या, मोजल्या, आठच्या आठ माळेत अडकवल्या. धक्क्यावरून परतताना सगळे उन्हानं लाल झालेले, माई तेवढ्या अजून सुरतेच्या बाईंचा नंबर घेत होत्या. शिडीपाशी तोच नेपाळी उभा होता. नानांनी कार्ड पुढे केलं, सतरंजी मशिनवर ठेवली आणि मुलाला विचारलं, "उद्या कुठे?"

"नासाऊ. राजधानी आहे बहामाजची."

"म्हणजे गाव आहे?"

"गाव काय, शहर आहे चांगलं. बाजार आहे, गर्दी असते."

"असं होय," नाना म्हणाले. बऱ्याच वेळानं त्यांच्या चेहऱ्यावर तरतरी आली. "मग तिथे चोर असतील ना?"