गोंदियाचे मुंबईकर

2025 च्या आयपीएलमध्ये मुंबई इंडियन्स पहिल्या पाचपैकी चार सामने हरली आणि गोंदियाच्या पानठेल्यावर अख्खा संघ भंगारात निघाला. मग सलग सहा विजय मिळाले; ठेल्यावरच्या त्याच भाऊंनी चषकाला आधीच हारही घातला. बाद फेरीसाठी जॅक्स, रिकल्टन, बॉश यांच्या जागी बेअरस्टो, ग्लीसन, असलंका आले. ‘मी सांगतच होतो!’ शेवटी श्रेयस अय्यरच्या नाबाद 87 धावांनी पंजाबने मुंबईला घरी पाठवलं. ठेल्यावर सुतक.

त्याच वर्षी फेब्रुवारीत आपल्या विदर्भाने रणजीच्या उपांत्य फेरीत मुंबईला 80 धावांनी लोळवलं, पुढे तिसऱ्यांदा करंडकही जिंकला. ठेल्यावर ना हार, ना पेढे. वेगळा विदर्भ हवा म्हणे. आधी वेगळा संघ तरी ओळखा!